डावा हात वर धरून

मास्तर शाळेत शिकवणारे नव्हते. ते शिंपी होते, आणि बत्तीस वर्षं पुरुषांच्या पँटी आणि कोट शिवत आल्यामुळे गल्लीनं त्यांना मास्तर करून टाकलं होतं. दुकान एवढंसं, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरावं लागायचं. कापायचं टेबल, पायाचं मशीन, इस्त्री, आणि भिंतीवर तयार होऊन महिनोन्महिने लटकलेले, न्यायला कुणी न आलेले कपडे. गिऱ्हाईकाचं पोट सुटलं असेल तर मास्तर ते तोंडावर सांगत. वाईट वाटलं तर म्हणत, "माझं काही म्हणणं नाही, टेप म्हणतेय."

चोपन्नाव्या वर्षी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मग आठवड्यातून तीन दिवस, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी आठ ते बारा डायलिसिस सुरू झालं. डाव्या हातात धमनीला शीर जोडून एक जाडजूड शीर तयार केलेली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरतंय असं वाटे. त्या शिरेत दोन सुया जात, आणि शेजारचं यंत्र चार तास रक्त धुऊन परत देत राही. हे सगळं त्रासाचं होतं, पण मास्तरांचा यंत्रावर राग नव्हता. यंत्र आपलं काम चोख करत होतं. त्यांना राग होता तो घरातल्या काळजीचा.

काळजी खरी होती, हीच तर पंचाईत. दिवसभराच्या पाण्याची एक बाटली बायको सकाळी भरून ठेवी आणि तिच्यावर पेनानं रेघा मारी. भाजी दोनदा उकळून पाणी फेकून देई आणि उरलेल्या चोथ्याला जेवण म्हणे. मिठाची बरणी मास्तरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर गेली. मुलगा एका गोदामात कारकून होता. त्यानं दुकानाचं शटर ओढलं, कुलपाची किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली आणि म्हणाला, "बाबा, आता तुम्ही फक्त आराम करायचा."

आराम आठ महिने चालला. घरी कुणी आलं की मास्तरांच्या समोरच बायकोला विचारे, "आता कसं आहे त्यांचं?" आणि बायको सांगे. मास्तर तिथंच, त्याच खोलीत, खुर्चीवर बसलेले असत.

अशाच एका रविवारी बोटवाला आला. किनाऱ्यापासून दीड तासावर एक बेट होतं. तिथं दिवसातून एक बोट जायची आणि एक यायची, ती याची. गेली वीस वर्षं तो वर्षातून दोन पँटी मास्तरांकडून शिवून घेई, खिसे पार गुडघ्यापर्यंत खोल, कारण दोर फेकायला वाकलं की वरच्या खिशातलं सगळं समुद्रात पडतं. प्रत्येक वेळी जाताना म्हणे, "या एकदा मास्तर. आमचा किनारा बघा, ताईच्या हातचा मासा खा." आणि मास्तर दर वेळी "येतो की" म्हणून पुढचं कापड हातात घेत.

"दुकान बंद दिसलं," बोटवाला दारातच उभा राहून म्हणाला. "म्हटलं घरी बघावं. पँटी शिवायच्या होत्या."

"बाबा आता शिवत नाहीत," मुलगा म्हणाला. त्यानं फोनमधून मान वर केली नाही. आवाज अगदी मऊ होता, झोपलेल्या माणसाजवळ बोलतात तसा.

मास्तर उठले. "टेप कुठंय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"अहो, कशाला आता..."

"टेप कुठंय विचारतोय."

टेप तिच्या शिवणाच्या डब्यात निघाली. मास्तरांनी बोटवाल्याला खोलीच्या मधोमध उभं केलं, कंबर घेतली, मांडी घेतली, उंची घेतली, आणि आकडे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिले.

"कंबर दोन इंच वाढलीय."

"ताईची कृपा," बोटवाला म्हणाला. "कधी येऊ न्यायला?"

"येऊ नका. मीच घेऊन येतो. पुढच्या रविवारी."

बोटवाल्यानं एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा मास्तरांच्या बायकोकडं, आणि शहाण्या माणसासारखा चपला घालून निघून गेला. त्यानंतर घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात दोन बाजू बोलतात. इथं मुलगा आणि बायको बोलत होते. वाटेत काही झालं तर? तिथं दवाखाना आहे का? लोक आम्हाला काय म्हणतील? मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "किल्ली दे दुकानाची."

"बाबा, समजून घ्या जरा."

मास्तर समजले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला बोलावलं आणि स्वतःच्या दुकानाचं कुलूप फोडून घेतलं. मशीनवर धूळ होती, पट्टा सैल पडला होता. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात दम लागला, तेव्हा ते टेबलावर डोकं ठेवून पडून राहिले आणि मग पुन्हा बसले. सुया टोचायच्या दिवशी दुकान नाही, बाकी दिवस रोज थोडं थोडं. शुक्रवारी दोन्ही पँटी झाल्या. संध्याकाळी मुलगा गोदामातून परत येताना शटरपाशी थांबला. आत वडील काज करत होते. मास्तरांनी सुई थांबवली नाही. काज अर्धवट सोडता येत नाही.

डॉक्टरांना त्यांनी विचारलंच नाही. "विचारलं तर ते नको म्हणतील. त्यांचं ते कामच आहे," असं बायकोला सांगून टाकलं. पण शनिवारी सुया काढताना त्यांनी वॉर्डातल्या सिस्टरच्या कानावर घातलं. सिस्टर चाळिशीची, सडेतोड बाई होती. तिनं आधी डोळे वटारले, मग खिशातून कागद काढला.

"शहाळं प्यायचं नाही. कुणी कितीही प्रेमानं दिलं तरी नाही, त्यातल्या पोटॅशियमनं हृदय बंद पडेल. केळी नाहीत. सुकवलेला, खारवलेला मासा नाही. ताजा चालेल, तळहाताएवढा. पाणी नेहमीपेक्षा कमीच. सुयांची जागा उद्या दुपारपर्यंत भिजवायची नाही, आणि नंतरही सांभाळून. हा माझा नंबर." कागद देताना म्हणाली, "आणि मास्तर, मी तुम्हाला जा म्हटलेलं नाही."

"छे. गेलो तर काय करायचं नाही तेवढंच सांगितलंत."

हिशेब साधा होता. शनिवारी रक्त धुतलेलं, मंगळवारी पुन्हा धुवायचं. मधला रविवार आणि सोमवार त्यांचे. रविवारी सकाळी बायको म्हणाली, "तुमच्या या तमाशाला मी येणार नाही." पण पिशवीत रेघा मारलेली बाटली होती, आणि एक जास्तीचा स्वेटर.

बोटीत पंधरा-वीस माणसं होती, कोंबड्यांच्या दोन टोपल्या होत्या, सिमेंटची पोती होती. मास्तर पुढच्या फळीवर बसले. आठ महिन्यांत त्यांनी घर आणि दवाखाना सोडून तिसरी जागा पाहिली नव्हती. पाणी तोंडावर उडालं, खारट, आणि त्यांनी ओठ चाटले. मीठच ते. त्यांना मनातल्या मनात हसू आलं.

बेट लहान होतं, चालत दोन तासांत फेरी व्हावी एवढं. धक्क्यापाशी एक किनारा, तिथं होड्या, जाळी आणि मासळीचा वास. बोटवाल्यानं त्यांना दुसरा दाखवला. झाडीतून पायवाट जात होती, खडकाला वळसा घालून उतरलं की समोर अर्धचंद्रासारखी मोकळी वाळू. माणूस नाही, टपरी नाही, पाटी नाही. वाळू जाड्या रव्यासारखी. पाणी काठाशी फिकट हिरवं आणि पुढं गर्द निळं, दोन कापडांचा जोड असावा तसं, आणि जोडाची शिवण मात्र कुठं दिसत नव्हती. बोटवाला परत गेला. जाताना बजावून गेला, "ताईची खानावळ धक्क्याजवळ. एक वाजता जेवण."

मास्तर सावलीत बसले. बाटलीतल्या पहिल्या रेघेपर्यंत पाणी प्यायले. बारा कधीच वाजून गेले होते, म्हणजे सिस्टरची मुदत संपली होती. त्यांनी पँट काढली, घडीवर घडी बसवून दगडावर ठेवली, आणि अर्ध्या चड्डीत पाण्यात शिरले. घोटा, गुडघा, कंबर. लाट आली की पायाखालची वाळू सरके आणि ते उजव्या हातानं तोल सावरत. डावा हात त्यांनी सरळ डोक्याच्या वर धरला होता. मुदत संपली असली तरी त्या हातावर त्यांचं उरलेलं आयुष्य टांगलेलं होतं, उगाच खेळ कशाला. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा ते थांबले, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले.

एकाएकी मागून कुणीतरी त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि हिसका दिला.

"अहो, सोडा," मास्तर कसेबसे म्हणाले. "सोडा, मी बुडत नाहीये."

कॉलर धरणारी बाई साठीची होती, खांदे भक्कम. खडकावरची कालवं काढता काढता टोपली टाकून ती कपड्यांसकट पाण्यात धावली होती. "मग हात कशाला वर केलाय?"

"तो भिजवायचा नाही."

तिनं हाताकडं पाहिलं. दंडावर फुगलेली शीर, सुयांचे डाग. "कोण तुम्ही?"

"शिंपी. पँटी घेऊन आलोय."

"म्हणजे मास्तर होय," ती म्हणाली आणि कॉलर सोडली. "मी त्याची ताई. आता बाहेर या. माझी निम्मी कालवं तुमच्यापायी वाहून गेली."

तिला सगळं बेट मावशी म्हणे. तिच्या खानावळीत चार बाकं होती, मागं कोळशाची शेगडी, आणि भिंतीला पदार्थांचा फळाच नव्हता. त्या दिवशी जे जाळ्यात येई तेच ताटात येई. मास्तर ओले कपडे बदलून बाकावर बसले आणि जरा अवघडून म्हणाले, "माझ्या मासळीत मीठ घालू नका."

मावशीनं पळी खाली ठेवली. "अजिबात?"

"अजिबात."

"मग तो मासा मेला कशासाठी?" आजूबाजूचे जेवणारे हसले. मावशी हसली नाही. तिला खरंच राग आला होता. "चाळीस वर्षं रांधतेय. अळणी ताट मी कुणापुढं ठेवलं नाही. दवाखान्याचं जेवण हवं होतं तर दवाखान्यात थांबायचं."

मास्तरांनाही राग आला. आठ महिन्यांचा साठलेला होता तो. "माझ्याकडं माणूस येतो," ते म्हणाले, "एक खांदा वर, एक खाली. त्याला मी म्हणत नाही, आधी खांदा सरळ करून या, मग कोट शिवतो. आहे त्या खांद्यावर कोट बसवतो, आणि असा बसवतो की बघणाऱ्याला खांदा कळत नाही. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. नुसता भात खाईन."

मावशी पळी उचलून आत गेली.

अर्धा तास आतून फक्त आवाज येत होते, खलबत्त्याचा, चरचरण्याचा. मग ताट आलं. तळहाताएवढा मासा, पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला. पान उघडलं तशी वाफ आली. वर ठेचलेला लसूण, काळी मिरी, कसलीशी हिरवी पानं बारीक चिरून, आणि कडेला पिळलेलं आंबट फळ. शेजारी मूठभर भात आणि त्यावर तेलात लाल होईपर्यंत परतलेला कांदा. मास्तरांनी पहिला घास घेतला. जिभेनं सवयीनं मीठ शोधलं, सापडलं नाही, आणि मग तिच्या लक्षात आलं की इथं दुसरंच बरंच काही चाललंय. धूर होता, आंबट होतं, मिरी घशाशी चुरचुरत होती, आणि या सगळ्याच्या खाली माशाची स्वतःची गोडी होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना जेवण संपू नये असं वाटलं.

मावशी दारात उभी होती. "खांदा दिसतोय का?"

"नाही," मास्तर म्हणाले. मग डोळ्यांत पाणी आलं म्हणून मिरीला दोष दिला.

सोमवारी सकाळी वारा सुटला. धक्क्यावर लाल बावटा लागला. बोटवाला पाण्याकडं बघत म्हणाला, "आज नाही जमायचं, मास्तर. उद्याचं उद्या बघू."

फोन फक्त टेकडीवर लागत होता. मास्तर पाच ठिकाणी थांबत वर चढले. मुलगा पहिल्याच रिंगला बोलला. "मी सांगितलं होतं, बाबा. मी आधीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. आता दुसरं काहीतरी सांग."

मुलाचा आवाज खाली आला. "दम लागतोय का?"

"टेकडी चढल्यावर कुणालाही लागतो."

मग त्यांनी सिस्टरला फोन केला. सकाळचे आठ चुकले तर काय? तिनं वही चाळली. दुपारी दोनची खुर्ची रिकामी होती. "पण आजपासून पाणी निम्मं. तहान लागली तर बर्फाचा खडा चोखा. फळ नाही, भाजी नाही, मासाही नाही आता. नुसता भात. आणि छातीत धडधडलं तर थांबू नका, त्या बोटवाल्याला म्हणावं बावटा गेला खड्ड्यात."

दुपारी मात्र ते खरंच घाबरले. मावशीच्या ओसरीवर पडले असताना घोट्यावर अंगठा दाबून पाहिला, खड्डा पडला आणि लवकर भरला नाही. उताणं पडलं की श्वास जड होई. पोरगं बरोबर होतं की काय, असं क्षणभर वाटून गेलं. मग त्यांनी स्वतःशीच ठरवलं, की घरात खुर्चीवर बसून माणसं मरत नाहीत असं काही नाही. उठून बसले. समोर बोटीचं ताडपत्रीचं छत वाऱ्यानं फाटून पडलं होतं. जाड सुई आणि दोरा मागून घेतला आणि अंधार पडेपर्यंत ते दुहेरी टाक्यानं ती ताडपत्री शिवत बसले. मावशी अधूनमधून वाटीत बर्फाचा खडा आणून ठेवी आणि कशी आहे तब्येत असं एकदाही विचारत नसे. तिनं विचारलं एवढंच, "टाका तिरपा का घालता?"

मंगळवारी सकाळी वारा पडला. दहा वाजता बोट सुटली. पलीकडच्या धक्क्यावर मुलगा उभा होता, दवाखान्यातून आणलेली चाकांची खुर्ची घेऊन. त्याचे डोळे तांबारलेले होते. मास्तर बोटवाल्याच्या हाताला धरून उतरले, खुर्चीपाशी आले, तिच्यात आपली पिशवी ठेवली आणि चालू लागले. मुलगा खुर्चीतून पिशवी ढकलत मागोमाग निघाला. रस्ता ओलांडताना मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आधाराला ठेवला होता, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

वॉर्डात काट्यावर वजन तीन किलो जास्त भरलं. सिस्टरनं आकडा लिहिला. "मला वाटलं पाच असेल. तुमच्या शेजारचे काका घरी बसून साडेतीन आणतात." पण त्या दिवशी यंत्रावर शेवटच्या तासाला पायात असे गोळे आले, की मास्तरांनी उशीचा कोपरा दातात धरला.

गुरुवारी डॉक्टर आले. कागद बघून म्हणाले, "पुन्हा असं करायचं नाही."

"पुन्हा करणार आहे," मास्तर म्हणाले. "नीट कसं करायचं ते सांगा."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच खुर्ची ओढली आणि बसले. हवामान बघून निघायचं, परतीला एक दिवस हाताशी ठेवायचा, पोटॅशियम बांधून ठेवणारी पूड जवळ बाळगायची, असं बरंच काही होतं, आणि ते त्यांना सगळं माहीत होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

बायको मात्र तीन दिवस अबोला धरून होती. चौथ्या दिवशी भाजीचं पाणी फेकता फेकता पाठमोरीच म्हणाली, "त्या बाईनं मिठाऐवजी काय काय घातलं होतं?"

मास्तर सांगू लागले. मिरी, लसूण, कसलीशी पानं.

"कसलीशी म्हणजे कसली? तुम्हाला विचारून उपयोग नाही. मलाच जाऊन बघायला हवं."

दोन महिन्यांनी ती गेली. मावशीशी तिचं पहिल्या तासाभरातच कांदा किती परतावा यावरून वाजलं, आणि मग दोघी संध्याकाळपर्यंत शेगडीपाशी बसून होत्या. मास्तर छातीभर पाण्यात हात वर करून उभे होते, तिकडं दोघींपैकी कुणाचंही लक्ष नव्हतं.

दुकान आता आठवड्याचे चार दिवस उघडं असतं. किल्ली मास्तरांकडं आहे. मुलाला अजून पटलेलं नाही, पण दर वेळी धक्क्यापर्यंत तोच सोडायला येतो आणि बोटवाल्याला वाऱ्याबद्दल नको तेवढे प्रश्न विचारतो.

परवा मास्तर वॉर्डातल्या शेजारच्या काकांच्या घरी गेले होते. काका निवृत्त पोस्टमन, सत्तरीचे, त्यांनाही बेटावर जायचं होतं, आणि मुलगी नाही म्हणत होती. तिनं मास्तरांना खुर्ची दिली, पण पाणी विचारलं नाही, बहुधा आजारामुळे. ती म्हणाली, "त्यांना काही झालं तर जबाबदारी कोण घेणार? तुम्ही?"

"मी कशी घेऊ?" मास्तर म्हणाले. "त्यांना विचारा. इथंच बसलेत."

मुलगी वडिलांकडं वळली. पोस्टमन काकांनी घसा खाकरला. "मी घेतो की," ते म्हणाले.

रविवारी ते बोटीत बसले. दीड तास कठड्यावरून ओकत होते, मास्तर त्यांचा पट्टा मागून धरून उभे. धक्क्यावर उतरल्यावर काकांनी तोंड पुसलं, टोपी सरळ केली आणि विचारलं, "जेवण कुठं मिळतं म्हणालात?"